दात पडल्याची तक्रार

माझ्या मुलीनं मला 'आई' म्हणून हाक मारणं बंद केलं, आणि ते मला अकरा दिवसांनी कळलं. मी काही पळून गेले नव्हते. परगावी नव्हते, दवाखान्यात नव्हते. तिच्यापासून बारा फुटांवर, त्याच घरात, खुर्चीत बसले होते. अकरा दिवस!

हे सांगताना माझा आवाज चढेल. चढू दे. चार वर्षं मी गोड आवाजात बोलण्याचा पगार घेतलाय, आता बास झालं.

मी स्नेहल मगदूम. सांगलीत, चौथ्या मजल्यावर राहते. आता घरोघरी गच्चीवर सोलर पॅनेल आणि जिन्याखाली बॅटऱ्या बसल्यात. त्या बिघडल्या की लोक ज्या नंबरवर ओरडतात, त्या नंबरच्या पलीकडे मी असते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. जालन्याचे काका म्हणतात बॅटरी तापतेय, कणकवलीच्या काकू म्हणतात रात्रभर कुईकुई करतेय. मला हे काम येतं, आणि चांगलं येतं. तणतणत आलेल्या माणसाला मी दोन मिनिटांत ताळ्यावर आणते. उगाच नाही सांगत, सगळ्या टीममध्ये माझा नंबर पहिला होता.

पण घरून काम म्हणजे काय ते लोकांना सांगून कळत नाही. ऑफिसला वाटतं मी घरात आहे, घराला वाटतं मी ऑफिसात आहे, आणि मी दोन्हीकडे गुन्हेगार. शेजारच्या कुलकर्णी काकू लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणणार, "बरं झालं बाई, घरूनच काम. पोरीकडे लक्ष राहतं." अहो, कसलं डोंबलाचं लक्ष! शालू शाळेतून दुपारी एकला येते. साडेसहा वर्षांची आहे, इयत्ता पहिली. पूर्ण नाव शाल्मली, पण तेवढं मोठं नाव फक्त रागावताना. ती दारात उभी राहून "आई" म्हणायची आणि मी बोट ओठावर ठेवायची. दिवसाला पन्नास वेळा. माझ्या मुलीला माझा चेहरा आठवला तर ओठावर बोट असलेलाच आठवेल, हे माझ्या मनात सारखं यायचं. मग रात्री तिला जास्तीचं आइस्क्रीम, जास्तीच्या गोष्टी, जास्तीचे मुके. चोरानं देवळात नारळ फोडावा तसलं सगळं.

आणि माझा नवरा धैर्यशील? तोही घरूनच काम करतो. कालव्यांचे नकाशे तपासतो, बेडरूममध्ये, दार लावून. त्याला कुणी लिफ्टमध्ये काही म्हणत नाही.

तर अशा वेळी, गेल्या जूनमध्ये, कंपनीनं आम्हा सगळ्या आयांना 'निवांत' दिलं.

दिसायला साधा हेडफोन. पण काय होतं ते नीट सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. आवाज म्हणजे हवेतली लाट. लाटेला जिथं उंचवटा आहे, तिथं बरोबर तेवढाच खळगा टाकला की दोन्ही एकमेकांत जिरतात आणि कानाला काहीच लागत नाही. यात नवीन काही नाही, विमानात बसणारे लोक फार पूर्वीपासून असले हेडफोन घालतात. नवीन होतं ते पुढचं. कोणता आवाज जिरवायचा, हे 'निवांत' मेंदूला विचारून ठरवायचं.

कानामागे दोन गाद्या होत्या, रुपयाएवढ्या. त्या मेंदूतली बारीक वीज वाचायच्या. आपल्या पोराची हाक कानावर पडली की आईच्या मेंदूत एक झटका उठतो. तिला स्वतःला कळायच्या आत, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला 'धसका' म्हटलं होतं, आणि नाव बरोबर होतं. ज्या आवाजानं धसका उठला, त्या आवाजाचा आकार यंत्र ध्यानात ठेवायचं. पुढच्या वेळी तो सुरू झाला रे झाला की उलटी लाट सोडायचं. म्हणजे पहिल्यांदा हाक ऐकू यायची. दुसऱ्यांदा अर्धी. तिसऱ्यांदा नाही. ग्राहकालाही ऐकू जायची नाही आणि आईलाही नाही.

तीन गोष्टी मात्र यंत्र कधीही कापणार नव्हतं. एक, ग्राहकाचं बोलणं. ती ढब यंत्राला आधीच घोटून शिकवली होती, चुकूनसुद्धा कापायची नाही. दोन, कंपनीची स्वतःची लाइन. आणि तीन, संकटाचा आवाज, म्हणजे किंकाळी, काच फुटणं, भोंगा. जिवावर बेतलं तर ऐकू येईल, त्याहून कमी असेल तर नाही. मी ते वाचलं आणि मला ते पटलं! मुलीचं अख्खं बालपण त्याहून कमीच असतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलं होतं, 'अपराधीपणातून मुक्ती.' मी ते वाचून रडले होते. खोटं कशाला सांगू?

पण ते यंत्र फुकट शिकत नव्हतं. त्याला वीस मिनिटांची शिकवणी लागायची. मूल हाका मारणार, आईनं हेडफोन घालून बसायचं आणि उठायचं नाही. एका रविवारी आम्ही ते केलं. धैर्यशीलनं शालूला सांगितलं, "खेळ आहे. तू आईला हाका मारायच्या. वेगवेगळ्या आवाजात. आई उठली तर आई हरली."

पहिली पाच मिनिटं ती खिदळत होती. मांजरासारखी हाक, म्हातारीसारखी हाक. दहाव्या मिनिटाला म्हणाली, "आता पुरे." धैर्यशील म्हणाला, "अजून थोडं." पंधराव्या मिनिटाला ती रडायला लागली. ते मला अर्धवट ऐकू आलं. अठराव्या मिनिटाला तिचं तोंड हलताना दिसत होतं, गालावरून पाणी वाहत होतं आणि माझ्या कानात शांतता होती. मी तिच्याकडे बघून हसले. अंगठा दाखवला. मी हरले नव्हते.

ती शिकवणी मी घेतली, हे मी कुणाच्या माथी मारणार? कंपनीच्या मारीन, नवऱ्याच्या मारीन. पण खुर्चीत मी बसले होते.

त्यानंतरचे चार महिने फार छान गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले. डोकं दुखायचं थांबलं. रात्रीचं आइस्क्रीम बंद झालं, कारण अपराधच नाही तर दंड कसला? टीमच्या पडद्यावर प्रत्येकीच्या नावापुढे ठिपका असायचा, हिरवा म्हणजे शांत, लाल म्हणजे धसका. माझा ठिपका आठवडेच्या आठवडे हिरवागार. आमच्या वरिष्ठ सबनीस मॅडम, पुण्याला असतात, त्या सगळ्यांना सांगायच्या, "स्नेहलकडे बघा." दोनशे बारा आयांमध्ये माझा पहिला नंबर आला. सोमवारी चारच्या मीटिंगमध्ये सत्कार ठरला. मी दोन मिनिटं बोलायचं होतं, विषय, 'मी अपराधीपणावर मात कशी केली.'

त्याआधीच्या गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला, माझ्या कानात आवाज आला.

"नमस्कार मॅडम. माझी एक तक्रार आहे."

सावकाश, अदबीनं, थोडा थकलेला आवाज. मी टाइप करता करता म्हणाले, "नमस्कार, मी स्नेहल. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. आपला ग्राहक क्रमांक सांगाल का?"

"माझ्याकडे क्रमांक नाही."

"हरकत नाही. आपलं पूर्ण नाव?"

"शाल्मली धैर्यशील मगदूम."

माझी बोटं ते नाव टाइप करत होती. अर्धं टाइप झालंसुद्धा. शाल्मली धैर्य... आणि मग मला दिसलं की पडद्यावर कॉलच नाही. लाइन रिकामी आहे.

मी खुर्ची फिरवली. ती दारात उभी होती. हात मागे बांधलेले, मान जराशी वाकडी. माझे ग्राहक कसे उभे राहत असतील, ते डोळ्यांपुढे आणून उभी होती.

"तक्रार काय आहे?" मी विचारलं. तोंडातून तेच आलं, चार वर्षांची सवय.

"माझा दात पडला," ती म्हणाली. "सोमवारी. कुणी बघितला नाही."

मी हेडफोन असा ओढला की कानामागची कातडी सोलली. तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. पुढचा खालचा दात नव्हता, लालसर खिंड होती. तीन रात्री मी तिला जेवू घातलं होतं. समोर बसून, पुढचा दिवस डोक्यात घेऊन.

"शालू, अगं मला हाक का नाही मारलीस?"

ती गोंधळली. "हाक मारल्यावर तू उठलीस तर तू हरतेस ना?" मग मला समजावत म्हणाली, "तू 'आई' ऐकत नाहीस. ताट वाजवलं की एकदाच ऐकतेस. गाणं पण एकदाच. पण तक्रारवाल्यांचं तू सारखं ऐकतेस. म्हणून दारातून तुझं फोनवरचं बोलणं ऐकून मी प्रॅक्टिस केली."

पोरीनं चार महिन्यांत यंत्राचं सगळं शास्त्र ओळखलं होतं. जी हाक माझ्या काळजाला लागायची, ती लगेच कापली जायची. म्हणून तिनं असं बोलणं शोधून काढलं, जे मला ऐकू येईल आणि लागणार नाही.

मी लगेच सबनीस मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बापरे, स्नेहल, हे फार महत्त्वाचं सांगितलंस तू."

मला वाटलं, कळलं त्यांना.

"म्हणजे मूल ग्राहकाची नक्कल करून गाळणीतून आत येऊ शकतं. ही त्रुटी आहे. मी आत्ताच तांत्रिक टीमला कळवते. सोमवारी संध्याकाळी अपडेट येईल, मग तेही बंद होईल. थँक यू हं."

"मॅडम, माझ्या मुलीकडे तेवढा एकच रस्ता उरलाय!"

"तू थकली आहेस, स्नेहल. हे बघ, आयांना सोपं जावं म्हणूनच तर हे सगळं चाललंय. मीही आईच आहे."

"मग मी हेडफोन काढून काम करते. माझी मुलगी ऐकू आली तर येऊ दे."

"करारात पूर्ण वेळ वापर लिहिलाय. सही आहे तुझी. तुझ्यासाठी नियम वाकवला तर दोनशे अकरा जणी मागतील." मग आवाज गोड करून, "सोमवारी छान साडी नेस. आणि बोलताना तो दाताचा विषय नको."

फोन बंद झाला. मी केला की त्यांनी, आठवत नाही. म्हणजे मीच चाड्या सांगून माझ्या पोरीच्या तोंडावर शेवटचं दार लावून घेतलं. सोमवारी संध्याकाळपर्यंतची मुदत.

मी बेडरूमचं दार ढकललं. धैर्यशील नकाशात मान खुपसून होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. मी सगळं सांगितलं. तो मनापासून हळहळला. आणि मग म्हणाला, "मग सोड ना नोकरी. आपलं भागतंय."

"तू सोड."

"मी?"

"का? तुझी मुलगी नाही का ती? मी माझ्या कामात चांगली आहे, धैर्यशील. तुझ्यापेक्षा चांगली. मला पोरगीही पाहिजे आणि कामही पाहिजे. तुला दोन्ही मिळतं, तेव्हा कुणी करारावर सही घेत नाही!"

त्यानं मान पुन्हा नकाशात खुपसली. त्याला गप्प बसता येतं, ही त्याची मोठी सोय आहे.

आता एक नियम आहे. आपल्या मेंदूची आणि तिच्यासोबत साठवलेल्या आवाजांची नोंद आपली असते, मागितली की कंपनीला द्यावीच लागते. मी त्याच संध्याकाळी मागितली. शनिवारी दुपारी फाइल आली. नाव होतं 'कापलेले आवाज'. एकूण लांबी एकोणीस तास.

शालूला खाली खेळायला पाठवलं आणि हॉलमध्ये स्पीकरवर लावलं. धैर्यशीलचं दार मी उघडंच ठेवलं होतं.

"आई, माझ्या चपलेचा अंगठा तुटला."

"आई, भिंतीवर माझ्या हाताचा उंट झालाय. लवकर ये, ऊन जाईल."

"आई, भूक लागली." मग फ्रिज उघडल्याचा आवाज.

"आई, हा दात हलतोय. हात लावून बघ."

मग ताटावर चमचा. तो बंद झाला की गाणं. मग कोकिळेसारखी शीळ. प्रत्येक गोष्ट दोन-तीनदा, मग पुढची. मग अगदी कुजबुजून "आई", तोंड दाराच्या फटीला लावून. तेही कापलेलं. मी हळूहळू शेवटाकडे गेले. शेवटचं 'आई' गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेचं होतं, दुपारी तीन बेचाळीस. माइक चालू आहे का बघतात, तसं म्हटलेलं.

"आई. आई?" मग थोडा वेळ काही नाही. "बरं."

त्यापुढे तिचा शब्द नव्हता, फक्त पावलं. तिच्या पावलांनीही मला धसका बसत होता आणि यंत्र तीही कापत होतं. मी दिवस मोजले. सव्वीस तारखेपासून त्या गुरुवारपर्यंत अकरा.

धैर्यशील दारात येऊन उभा होता, डोळे लाल. मला त्याचे डोळे बघून दया आली नाही, संताप आला. मी टेबलावरचा हेडफोन उचलला आणि त्याच्या डोक्यावर बसवला. कापणं बंद ठेवलं, नुसता ठिपका चालू. तीच फाइल पुन्हा लावली. "आई, भूक लागली." ठिपका हिरवा. "आई, दात हलतोय." हिरवा. "आई. आई? बरं." हिरवा. एकदा लुकलुकलासुद्धा नाही.

"बघ," मी म्हणाले. "तुला हे यंत्र लागतच नाही."

त्यानं पडद्याकडे बघितलं.

"स्नेहल, मला या सगळ्या हाका ऐकू आल्या होत्या," तो म्हणाला. "त्या वेळीच, भिंतीपलीकडून. पण ती 'आई' म्हणायची. मला वाटायचं, तू आहेस."

तेरा वर्षांच्या संसारात हा माणूस इतकं खरं कधी बोलला नव्हता. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. कुलकर्णी काकूंनी खिडकी लावून घेतली, एवढं सांगते.

सोमवार आला. मी छान साडी नेसले. मोरपंखी, काठाची. चार वाजता पडद्यावर दोनशे बारा चौकोन उघडले, दोनशे बारा चेहरे, प्रत्येकीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. कुणाच्या मागे घडी न घातलेले कपडे, कुणाच्या मागे बंद दार. एकीच्या मागे पलंगावर एक मूल उताणं पडून छताकडे बघत होतं. सबनीस मॅडमनी माझं भरभरून कौतुक केलं, टाळ्यांची चित्रं उडाली, आणि त्या म्हणाल्या, "बोल स्नेहल. दोन मिनिटं आहेत."

मी म्हणाले, "मी मात कशी केली ते सांगत नाही, ऐकवते." आणि फाइल सुरू केली.

ही कंपनीची लाइन होती. यंत्र ती कापत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि प्रत्येकीचं यंत्र तिच्या तिच्या पोरावर शिकलेलं होतं. शालूची हाक त्यांच्यातल्या एकाही यंत्रानं कधी ऐकलेली नव्हती. परक्या पोरीची हाक, पहिल्यांदाच.

"आई, माझ्या चपलेचा अंगठा तुटला."

एक ठिपका लाल झाला. मग चार. मग मोजता येईनात.

"आई, उंट झालाय. लवकर ये, ऊन जाईल."

"स्नेहल, हे काय चाललंय?" सबनीस मॅडम. "कुणीतरी हिचा आवाज बंद करा!"

"आई, दात हलतोय. हात लावून बघ."

सगळा पडदा लाल. एका बाईनं हेडफोन काढला आणि मान वळवून मागच्या बंद दाराकडे बघत राहिली. मग उठली. तिची खुर्ची रिकामी फिरत राहिली. मग दुसरी उठली. ती पलंगावरच्या मुलाची आई तर माइक चालू ठेवूनच धावली, आणि तिचं "काय रे राजा, काय म्हणत होतास?" आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. चौकोनामागून चौकोन रिकामे होत गेले, नुसत्या खुर्च्या, भिंती आणि उघडी दारं.

"आई. आई? बरं."

सबनीस मॅडमचाही ठिपका लाल होता. त्या उठल्या नाहीत. त्यांनी लाइन तोडली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हॉलमध्ये गेले. शालू फरशीवर चित्र काढत होती. मला बघून तिनं घड्याळाकडे बघितलं. सव्वाचारला मी दारात, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

"आपली तक्रार मिळाली," मी म्हणाले. "पाहणीसाठी माणूस आलाय. दात कुठं आहे?"

तो तिनं कंपासपेटीत ठेवला होता, खोडरबराच्या शेजारी, कागदात गुंडाळून. लहानपणी आमचा दात पडला की आई तो कौलांवर फेकायला लावायची, म्हणजे उंदीर तो नेतो आणि आपला चांगला दात देतो. आता कौलं कुठून आणू? गच्चीवर गेलो तर जिकडे तिकडे पॅनेल. त्यावर दात फेकून तडा गेला तर तक्रार माझ्याच टीमकडे येणार. शेवटी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली फाटकाजवळ वॉचमनच्या केबिनवर पत्रा होता.

मागून धापा टाकत धैर्यशील आला. इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, कानात अजून इअरफोन, त्यात त्याच्या मीटिंगमधल्या माणसाची बडबड. त्यानं तो कानातून काढून खिशात टाकला. त्याच वेळी माझा मोबाइल थरथरला. कंपनीचं पत्र. गैरवर्तन, चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. खालोखाल दुसरा निरोप, नाशिकच्या एका आईचा, तिला मी ओळखतही नाही. 'फाइल कशी मागायची, सांगाल का?' त्याखाली तिसरा, चौथा. सगळ्यांना सांगेन. चौकशीला जाईन. राजीनामा मात्र मी देणार नाही. त्यांच्या बापाची पेंड नाही ही.

"फेक," मी शालूला म्हणाले.

"उंदीरमामा, माझा दात घ्या, तुमचा दात द्या," ती म्हणाली, आणि नेम धरून फेकला. पत्र्यावर टिण् झालं. खाली वॉचमन बाहेर येऊन वर बघायला लागला. ती हसली, त्या खिंडीसकट. ते हसू मी पहिल्यांदाच बघत होते.

मी तिच्यापुढे खाली बसले. अख्ख्या चार वर्षांत ग्राहकांना विचारलं नसेल इतक्या काळजीनं विचारलं, "मॅडम, आपली तक्रार आता बंद करू का?"

तिनं विचार केला. जिभेनं आत चाचपून बघितलं. मान हलवली.

"नको. दुसरापण हलतोय," ती म्हणाली, आणि तोंड उघडून माझ्याजवळ आली. "बघ."

तिनं 'आई' म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. मी तिच्या तोंडात बोट घातलं आणि दात हलवून बघितला.